रजईचं पत्रक

दिवाळी होऊन गेली, धान खळ्यावर आलं, पहाटे बोलताना तोंडातून वाफ निघू लागली, तरी नूर मोहम्मदच्या पिंजायच्या मशीनवर पट्टा चढला नव्हता. एरवी या दिवसांत ब्रह्मपुरीच्या त्या बोळात रुईचा धुराळा उठायचा. नूरच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. त्याची बायको रशिदा तोंडाला ओढणी बांधून ओट्यावर गादी पसरायची आणि गुडघ्यांवर सरकत सरकत टाके घालत जायची. या साली बसस्टँडसमोर फोमच्या गाद्यांचं दुकान निघालं. काचेचं दार, आत रंगीत दिवे. जुनी गादी डोक्यावर घेऊन पिंजायला निघालेली माणसंही आधी तिथं डोकावू लागली, आणि काही तिथूनच घरी परतू लागली.

नूरला दमा होता. आयुष्यभराची रुई छातीत बसली होती. मशीन बंद असल्यामुळं त्याचा श्वास जरा मोकळा चालायचा.

"छातीले आराम हाये," तो म्हणायचा.

त्याच्या या आरामाची रशिदाला धास्ती वाटायची. ती सकाळी दुकानाच्या फळ्या काढायची, तयार रजया दोरीवर टांगायची, धूळ झटकायची आणि संध्याकाळी पुन्हा घड्या घालायची. न खपलेल्या रजईला घडीच्या रेषेवर रंग उडतो. काही रजयांवर त्या रेषा दिसायला लागल्या होत्या.

त्याच सुमारास बचत गटाच्या बायांसाठी धंद्याचं प्रशिक्षण झालं. नागपूरहून एक मॅडम आल्या होत्या. त्या फळ्यावर गोल काढत म्हणाल्या, "गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नसेल तर तुम्ही गिऱ्हाइकाकडे जा. आधी ठरवा, आपल्या मालाची गरज कोणाला आहे. मग त्याला कळू द्या की तुम्ही येताय. जाहिरात लांबून दिसली पाहिजे, आणि ती वाचून माणूस घरी बसता कामा नये."

रशिदा मागच्या सतरंजीवर बसून ऐकत होती. गरज कोणाला आहे, हे तिला लगेच कळलं. वैनगंगेच्या पलीकडे, जंगलाच्या गावांत, लोक अजून शेकोटीला पाठ लावून झोपतात. नूरचा बाप खांद्यावर रुई पिंजायची धुनकी घेऊन त्या गावांतून फिरायचा. नूरनं मशीन घेतली आणि ती वाट बंद झाली. तिकडून एकच माणूस अजून दुकानात यायचा, सावरटोल्याचा लटारू. धानाची शेती करणारा, सरळ माणूस.

"आमच्या इथी सुक्रवारचा बाजार मोठा भरते, बाई," तो मागेच म्हणाला होता. "आतल्या गावातले लोक पायी येतेत. फोम-बिम कोनाले पायजे तिथी? रजई पायजे."

नूरला हे पटत नव्हतं. "तिकडचं वातावरन ठीक नाई, रशिदा. आतले लोक हायेत, जंगलातले बंदूकवाले. पोलीस हायेत. आपुन कोनाच्या मधात काऊन जावं?"

"आपुन रजई इकाले जाऊन राह्यलो. लढाईले थोडीच जाऊन राह्यलो?"

शेवटी तिचंच झालं. घरातली लिहिणारी होती शाजिया, त्यांची मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिनं कपाटाला टेकून, पेन दातात धरून, एका बैठकीत पत्रक लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं:

"थंडी आली! आता तरी जागे व्हा! येत्या शुक्रवारी सावरटोला. सगळ्यांनी यावे. ही शेवटची संधी. नंतर सांगितलं नव्हतं म्हणू नका."

"वा," रशिदा म्हणाली. "वाचलं का माणूस उठलाच पायजे."

खाली "नूर गादी-रजई भांडार, ब्रह्मपुरी" असं होतं. पण वरच्या ओळी मोठ्या टायपात घेतल्यावर छापखानेवाल्याला तळाशी जागा उरली नाही. दुकानाचं नाव मुंगीएवढं झालं.

"शाई काळी का लाल?" त्यानं विचारलं.

"लांबून दिसली पायजे," रशिदा म्हणाली. "लाल."

टेम्पोत रजया भरून ते बुधवारी सावरटोल्याला पोचले. लटारूनं घरामागची कोठी मोकळी करून ठेवली होती. त्याच्या बायकोनं, आशाबाईनं, शेण सारवून वर धानाचं तणस पसरलं होतं. रजया उतरवताना तिनं एक गालाला लावून पाहिली.

"केवढी नरम हाये जी," ती म्हणाली.

रशिदाला बरं वाटलं. दुपारी तिनं चुलीवर मैद्याची खळ शिजवली आणि डालड्याच्या डब्यात ओतली. नूर पुढं, ती मागं, दोघं टेम्पोतून आणलेल्या लुनावर निघाले. लटारू धान राखायला शेतावर गेला होता, तो शुक्रवारी सकाळीच परतणार होता. गावाबाहेर पडल्यावर भिंतीच नव्हत्या. नुसता रस्ता, दोन्ही बाजूंना ऐन आणि धावड्याची झाडं, मधूनच नाल्यावर पुलिया. मग रशिदानं झाडांच्या खोडांवर कागद लावले. हातानं खळ फासायची, कागद चिकटवायचा, तळहातानं वरून दाबत आणायचं. पुलियाच्या दगडावरही एक लावला, चांगला सपाट दगड होता. मागं सरून पाहिलं तर खरंच लांबून दिसत होता. एक म्हातारा मोळी घेऊन समोरून येत होता. त्यानं कागदाकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि रस्ता सोडून झाडीत उतरला.

"त्याले वाचता येत नसन," नूर म्हणाला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी बाजाराच्या मैदानात चिंचेखालची जागा धरली. ताडपत्री अंथरली, त्यावर रजयांच्या थप्प्या लावल्या, लाल वर, निळ्या मधात, फुलाफुलांच्या शेवटी. दव पडलं होतं. नूरनं हात काखेत धरले होते. आपण सगळ्यांत आधी आलो याचा रशिदाला आनंद झाला होता. पहिल्या माणसाला कोणती रजई उघडून दाखवायची हे तिनं ठरवून ठेवलं होतं.

ऊन चिंचेच्या शेंड्यावरून खाली आलं. मैदानात कोणी आलं नाही. भाजीवाले नाहीत, मिठाचा माणूस नाही, सुकी मासळी घेऊन येणाऱ्या बाया नाहीत. रिकाम्या ओट्यांवर कुत्री झोपली होती. मोठ्या रस्त्यावर एसटी आली, फाट्यावर थांबली, ड्रायव्हर खाली उतरून कोणाशी तरी दोन शब्द बोलला आणि गाडी तिथूनच वळली. गावात कुठं दळणाच्या चक्कीचा आवाज नव्हता. रशिदानं थप्प्या उगाच पुन्हा सारख्या केल्या.

मग लटारू आला. पळत नव्हता, पण चालण्याहून जोरात येत होता. धोतराचा सोगा हातात होता.

"उचला," तो म्हणाला. "सारं उचला, घरात चला. बाजार बंद हाये."

"काऊन? काय झालं, भाऊ?"

"आतल्यायनं पत्रकं लावलेत. पुऱ्या रस्त्यानं. सुक्रवारी कोनी घराभाईर निघाचं नाई म्हून. कोनाले तरी मारनार हायेत, असं म्हंतेत लोक."

 रशिदाला आधी एवढंच कळलं की जे ऐकत आलो ते आज आपल्यावर आलं. तिनं नूरकडे पाहिलं. नूर आधीच रजया कवटाळून उचलत होता, त्याच्या छातीत शिट्टी वाजायला लागली होती. तिघांनी मिळून माल उचलला. थप्प्या मोडल्या, लाल-निळ्या एकात एक झाल्या. कोठीत माल फेकून लटारूनं दार लोटलं आणि कवाडाला पाठ लावून उभा राहिला.

"तुमी पाह्यले ते कागद?" नूरनं विचारलं.

"जवळ कोन जाते, बाप्पा? लांबूनच दिसतेत. लाल अक्षरं हायेत. गावापासून तं पार पुलियाच्या पुढे."

 रशिदा तणसावर बसली होती. तिच्या हाताच्या रेषांत कालपरवाची खळ अजून वाळून होती. ती नखानं खरवडता खरवडता थांबली.

"झाडायवर हायेत का?" तिनं विचारलं. 

"झाडायवर. एक पुलियावर."

तिनं पिशवीतून उरलेला एक कागद काढला आणि लटारूसमोर धरला. लटारूला वाचता येत होतं. त्यानं वाचला. मग तळाची मुंगीएवढी ओळ वाचायला कागद डोळ्यांजवळ नेला. वाचून झाल्यावर तो खालीच बसला.

"बाई," तो म्हणाला, "हे तुमी काय केलं?"

आशाबाई दाराच्या फटीतून ऐकत होती. ती आत आली नाही. बाहेरूनच म्हणाली, "यायले जाऊ द्या इथून. आपल्या घरात पोट्टे हायेत."

तिचं म्हणणं खरं होतं. पोलिसांना कळलं तर आधी लटारूला धरतील, की याच्या घरात पत्रकवाले राहिले. आतल्यांना कळलं तर तेही इथंच येतील, की आमच्या नावानं बाजार कोणी मोडला. दोन्ही बाजूंनी वाट याच दाराशी येत होती. रशिदानं मॅडमच्या फळ्यावरचे गोल आठवायचा प्रयत्न केला. त्यात हे कुठंच नव्हतं.

"काढून टाकतो," ती उठून म्हणाली. "सारे कागद काढतो. आत्ता."

नूर नको म्हणाला नाही. त्यानं लुना बाहेर काढली. त्या शांततेत लुनाचा आवाज एवढा मोठा वाटला की फाट्यापर्यंत त्यानं ती ढकलतच नेली. रस्त्यावर माणूस नव्हता. पहिल्या ऐनावरचा कागद रशिदानं नखांनी ओरबाडला. दुसरा निघता निघेना, खळ घट्ट बसली होती. ती थुंकी लावून खरवडत होती आणि मागं वळून पाहत होती. जंगलात पान हललं तरी नूर म्हणायचा, "लवकर, लवकर."

पुलियाच्या अलीकडच्या वळणावर कोणीतरी ओरडलं, "थांब! हात वर!"

नूरनं ब्रेक दाबला, लुना कलंडली, दोघं पडले. धानाच्या बांधामागून, झुडपांतून, नाल्याच्या काठावरून हिरवे कपडे उठले. काही उठलेही नाहीत, आडवेच राहिले, नुसत्या बंदुकीच्या नळ्या दिसत होत्या. सगळ्या नळ्या आधी पुलियाकडे होत्या, आता यांच्याकडे वळल्या. एक तरुण साहेब पुढं आला. त्याची भाषा पुण्याकडची होती.

"कुठं चाललात?"

नूरनं तोंड उघडलं, पण श्वासच आला. तो गुडघ्यांवर बसून माशासारखा तोंड उघडू-मिटू लागला.

"त्यायले दमा हाये, साहेब," रशिदा म्हणाली. तिचे हात वर होते. "ते कागद आमचे हायेत."

"कुठले कागद?"

"तो. पुलियावरचा. रजईचा हाये."

साहेब तिच्याकडे पाहत राहिला. शेजारचा शिपाई इकडचाच असावा. तो हळूच म्हणाला, "साहेब, लबाडी असू शकते. कागदाच्या खाली काईतरी दाबून ठेवलं असन. उखडला का उडन."

"तुमचा कागद आहे ना?" साहेब रशिदाला म्हणाला. "मग तुम्हीच काढून आणा."

ती निघाली. पुलियापर्यंत मोकळा रस्ता होता. आपणच लावलेला कागद, आपल्याच हाताची खळ, खाली काही नाही हे तिला माहीत होतं. अर्ध्या वाटेवर तिच्या मनात आलं की बुधवारनंतर दोन रात्री गेल्या आहेत. कोणी काही ठेवलं असेल तर? आपण लावला म्हणून काय झालं, नंतर इथं कोण आलं ते आपल्याला कुठं माहीत आहे?  नाल्यात पाणी थोडंसं होतं आणि त्याचा आवाज फार मोठा येत होता. ती दगडापाशी बसली, डोळे मिटले आणि कागदाची वरची कड ओढली.

कागद फाटला. वरचा मोठा तुकडा हातात आला. ती तो घेऊन परत आली, चालता चालता शेवटी पळायलाच लागली.

साहेबानं वाचलं. "आता तरी जागे व्हा. सगळ्यांनी यावे. ही शेवटची संधी. नंतर सांगितलं नव्हतं म्हणू नका." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "यात रजई कुठं आहे?"

दुकानाचं नाव दगडावरच राहिलं होतं.

दुसऱ्यांदा जाणं पहिल्याहून कठीण गेलं. पहिल्या वेळी काय होईल याचा अंदाज नव्हता, आता वाटेतला प्रत्येक खडा तिला माहीत होता. ती पट्टी इतकी बारीक आणि इतकी पक्की चिकटली होती की तिला दगडावर वाकून, नाक टेकवून, अंगठ्याच्या नखानं अक्षरं सांभाळत सोलावी लागली. नख मुळातून उलटलं. तिनं पट्टी तळहातावर धरून आणली, वर रक्ताचा ठिपका होता.

साहेबानं ती वाचली आणि हसला नाही. दोघांना पायी पोलीस कॅम्पवर नेलं. तारांच्या कुंपणाआत, वाळूच्या पोत्यांशेजारी त्यांना उन्हात बसवलं. एका शिपायानं नूरला गरम पाणी दिलं. बिनतारी यंत्रावर कोणी ब्रह्मपुरीला विचारत होतं, असं दुकान आहे का, असा माणूस आहे का. उत्तर यायला दुपार उलटली.

"मजकूर कोणी लिहिला?" साहेबानं विचारलं.

"मी," रशिदा म्हणाली.

"किती शिकलात?"

"चौथी."

तो काही वेळ तिच्या बोटाकडे पाहत होता. ती कोणाला तरी पाठीशी घालतेय हे बहुतेक त्याला कळलं होतं. "दिवस मावळायच्या आत एकही कागद दिसता कामा नये," तो म्हणाला. "आणि पुन्हा या रस्त्यावर काही चिकटवू नका. माझी माणसं सकाळपासून पोटावर पडून आहेत तुमच्या रजईसाठी."

ते पडलेली लुना उचलून उरलेले कागद काढायला गेले. पुलियाच्या पुढं पहिल्या धावड्यावर कागद नव्हता. दुसऱ्यावर नव्हता. मोहाच्या जाड बुंध्यावर रशिदानं स्वतः दोन लावले होते, तिथंही नव्हते. ओरबाडल्याच्या खुणा नव्हत्या. कोणीतरी पाणी लावून, भिजवून, सावकाश सोलले होते. साल अजून ओली होती.

"हवेनं गेले असतीन," नूर म्हणाला.

रशिदानं ओल्या सालीवर बोट ठेवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. लुना वळवली आणि मागं न पाहता आले.

टेम्पोवाला दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. सकाळी आशाबाईनं चहा दाराशी ठेवला आणि आत निघून गेली. रशिदा रजया निवडून घड्या घालत होती, अंगठ्याला चिंधी बांधलेली. मागच्या कुंपणाची काटेरी फांदी सरकली आणि डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेली एक पोरगी आत आली. साधं लुगडं, गळ्यात मणी. भारा तिनं भिंतीला लावला. कुंपणाबाहेर पळसाच्या झुडपात कोणीतरी उभं होतं. लटारूनं ते पाहिलं आणि तो ओसरीच्या खांबाला धरून जागच्या जागी राहिला.

पोरगी कोठीच्या दारात बसली. कमरेच्या ओच्यातून तिनं कागदांची घडी काढली. पुलियापलीकडचे सगळे कागद होते, वाळवून, एकावर एक ठेवलेले.

"हे तुमचे," ती म्हणाली. मराठी तिची नव्हती, शब्द उचलून ठेवल्यासारखी ती बोलत होती. "बाजार तुमी मोडला. नाव आमचं झालं."

नूर भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या छातीतला आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"चूक झाली, बाई," रशिदा म्हणाली. आपण या पोरीला बाई म्हणालो हे तिला बोलल्यावर कळलं. "आमी गादीवाले हाओ. धंद्यासाठी केलं."

पोरगीनं वरचा कागद उघडला आणि अक्षराखाली बोट सरकवत हळूहळू वाचला. नुकतीच वाचायला शिकलेली असावी. 'संधी'पाशी अडली, पुन्हा वाचून पुढं गेली.

"कोनी लिवलं?"

काल साहेबाला जे सांगितलं ते रशिदाच्या तोंडात तयार होतं. पण पोरगीचे पाय दारातल्या उन्हात होते. टाचा थंडीनं उलल्या होत्या, भेगांत माती भरली होती. पाय लहान होते.

"माह्या पोरीनं," ती म्हणाली.

"केवढी हाये?"

"तुह्याएवढी."

पोरगीनं कागदाची घडी केली. "तिले सांगा, असं नाई लिवाचं. लोकं भेतेत."

मग ती आत आली आणि रजया हातानं चाळू लागली. लाल तिनं बाजूला सारल्या. गडद निळ्या काढल्या, एक उचलून पाठीशी धरून पाहिली, गुंडाळून पाहिली.

"जड हाये. पाठीवर नाई बसत."

"कमी करून देऊ का?" रशिदाच्या तोंडून निघून गेलं. गिऱ्हाइकाला तिनं आयुष्यभर जे म्हटलं तेच.

पोरगीनं बाहेर झुडपाकडे पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

रशिदानं निळ्या रजया उसवायला घेतल्या. दाभणानं कडेचे टाके उचकायचे, आतली अर्धी रुई काढायची, उरलेली हातानं पसरायची, पुन्हा शिवायचं. दाभण धरताना चिंधीतून रक्त येत होतं. नूर खाली बसून दोरा ओवून देऊ लागला. दोरा दाभणाच्या नेढ्यातून जाईना, शेवटी त्यानं दोन्ही कोपरं मांडीत दाबून धरली.  टाका ओढल्याचा आवाज फक्त.

पोरगी काढून ठेवलेल्या रुईच्या ढिगाला टेकून बसली होती. थोड्या वेळानं तिची मान कलली. रुई तिच्या गळ्यापर्यंत आली आणि ती झोपली. तोंड उघडं, अगदी गाढ. रशिदानं हात थांबवला. तिला उठवायची हिंमत नव्हती, उठून जायचीही नव्हती. पदराखाली, कमरेशी, काहीतरी कडक होतं आणि झोपेतही पोरगीचा हात त्यावर होता.

रस्त्यानं गाडी आल्याचा आवाज झाला. लटारूनं ओसरीवरून नुसतं बोट वर केलं. पोरगीचे डोळे उघडले, पण अंग हललं नाही. पदराखालच्या हाताची मूठ आवळली. रशिदाच्या मांडीवर अर्धी शिवलेली रजई होती, दाभण कापडात रुतलेलं. पोलिसांची गाडी घरासमोर आली, हळू झाली. आशाबाई अंगणात सूप घेऊन उभी होती. ती धान पाखडू लागली, जोरजोरात, सगळा कोंडा तिच्याच अंगावर येत होता. गाडी पुढं गेली. आवाज पार मिटेपर्यंत ती पाखडतच राहिली. सुपात धान राहिलं नव्हतं.

रशिदा पुन्हा शिवायला लागली. टाका तिला बघावा लागत नसे. कडेनं चौकट, मग आत बोराच्या पानासारखी वळत जाणारी ओळ. सासूनं शिकवलेला नमुना होता, ब्रह्मपुरीत दुसरं कोणी तसं घालत नव्हतं. बोटं आपोआप वळत होती.

पोरगीनं हलक्या झालेल्या रजया गुंडाळल्या, लाकडाच्या भाऱ्यात आत खुपसल्या, वरून फांद्या लावल्या. पैसे तिनं मुठीनं जमिनीवर ठेवले. नूर नको म्हणून हात हलवत होता, तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. एक रजई तिनं शेवटपर्यंत खांद्यावर ठेवली होती. ती भाऱ्यात घालण्याआधी तिनं नाकाशी धरली, नव्या कापडाचा वास घेतला, आणि कुंपणातून गेली. झुडपातलं माणूसही गेलं. रशिदानं तिला नाव विचारलं नव्हतं.

दोघं टेम्पोत बसताना लटारू म्हणाला, "बाई, आता काई दिवस येऊ नका." तिनं हात जोडले.

त्या हिवाळ्यात ब्रह्मपुरीत रशिदानं हलक्या रजया भरायला घेतल्या. का, ते तिनं घरात सांगितलं नाही. अर्धी रुई, गुंडाळी केली की काखेत मावेल अशी. एका ट्रक ड्रायव्हरनं पहिली नेली, त्यानं आणखी दोघांना पाठवलं. वसतिगृहातली पोरं येऊ लागली. एसटीचे कंडक्टर येऊ लागले. फोमच्या दुकानात तसलं काही मिळत नव्हतं. मशीनवर पट्टा चढला, नूरच्या भुवया पांढऱ्या झाल्या, आणि त्याचा खोकलाही परतला. पत्रक कुणी काढलं नाही, माणसंच एकमेकांना सांगत होती. शाजिया म्हणायची, "अम्मी, एक बोर्ड तरी लिहू का?" रशिदा म्हणायची, "नाई." पोलिसांची गाडी बोळाच्या तोंडाशी थांबली की तिचा हात टाक्यावर थांबायचा, मग गाडी गेली की चालू व्हायचा. हे कोणाला दिसत नव्हतं, नूर सोडून.

होळीच्या आधी एका सकाळी शाजिया पेपर वाचत होती. पलीकडच्या जंगलात चकमक झाली होती. फोटोत एका ताडपत्रीवर सामान मांडलं होतं, त्यामागं तोंडं न दिसणारे शिपाई. भांडी, पाठीवरचे पिठ्ठू, औषधाच्या बाटल्या, पुस्तकं. कडेला एक गडद काहीतरी पसरलेलं होतं.

"दाखव," रशिदा म्हणाली.

छपाई चांगली नव्हती, ठिपकेच ठिपके. तिनं पेपर उजेडात नेला. कडेनं चौकट होती. आत ओळ वळत होती, पानासारखी.

"कोन मेलं?" तिनं विचारलं.

शाजियानं खालचं वाचलं. "दोन बाया. ओळख पटली नाई म्हणे."

नूर मशीनपाशी उभा होता. त्यानं फोटो पाहायला मागितला नाही. रशिदानं पेपरची घडी घातली. जी भीती उठली ती कोणती, हे तिला समजेना. कोणी हा टाका ओळखून दारात येईल ही, की त्या उललेल्या टाचांची. दोन्ही एकाच जागी दुखत होत्या. तिनं पेपर चुलीत घातला आणि पुरता जळेपर्यंत तिथंच बसली.

मग दुकानात येऊन तिनं दोरीवरच्या सगळ्या रजया खाली काढल्या आणि उसवायला घेतल्या. नूरनं दुसरं दाभण घेतलं आणि तिच्यासमोर बसला. संध्याकाळपर्यंत दोघं उसवत होते. शाजिया दोनदा विचारून गेली.

दुसऱ्या दिवशी रशिदानं सरळ टाका घालायला सुरुवात केली. आडवी ओळ, उभी ओळ, गवंड्याच्या फरशीसारखे चौकोन. बोटं ऐकत नव्हती. जरा लक्ष सुटलं की दोरा आपसूक वळायचा, पान होऊ लागायचं, आणि तिला पुन्हा उसवावं लागायचं. आता तिला प्रत्येक टाका पाहून घालावा लागत होता. डोळे दुखायचे. नूरनं बाजारातून तिला चष्मा आणून दिला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक जुनी गिऱ्हाईक बाई आली, पोरीच्या लग्नात द्यायला रजया पाहिजेत म्हणून. तिनं एक उघडली, हात फिरवला, उलटी करून पाहिली.

"रशिदाबाई, तुमचं ते पान कुठी गेलं? तेच तं पाहून येत होतो मी."

रशिदानं चष्मा वर सरकवला आणि रजई नीट पसरून दाखवली.

"नवीन डिझाइन हाये, बाई," ती म्हणाली. "आता सारे हेच मागतेत."